वाचकांचे प्रश्न : मुलं कुणाची, चर्चची की पक्षाची?

गेल्या अंकात दोन महायुद्धांच्या मधल्या, म्हणजे १९१९ ते १९३९ या काळातल्या युरोपीय हुकूमशाह्यांवर लेख होता. त्यावर कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : या उजव्या राष्ट्रवादी चळवळींचं धर्माशी नातं काय होतं? निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं न छापता फक्त ठिकाण दिलं आहे.

प्रश्न (शाहूपुरी) : आमच्या अभ्यासमंडळात दोन तट पडले. एक म्हणतो, फॅसिझम मुळात धर्मविरोधी होता. दुसरा म्हणतो, चर्चच्या आशीर्वादाशिवाय तो उभाच राहिला नसता. खरं काय?

पुरावा दोन्ही तटांकडे आहे, म्हणून वाद मिटत नाही. मुसोलिनी तरुणपणी नास्तिक समाजवादी होता, चर्चवर तुटून पडायचा. त्याच माणसाने १९२९ मध्ये पोपशी करार केला. फ्रान्समधल्या ‘आक्सियाँ फ्रांसेज’ या राजेशाहीवादी चळवळीचा पुढारी शार्ल मोरा स्वतः श्रद्धाळू नव्हता. त्याला कॅथलिक चर्च हवं होतं ते शिस्त, उतरंड आणि परंपरा टिकवणारी संस्था म्हणून. पोप अकरावे पायस यांनी हे ओळखलं. डिसेंबर १९२६ मध्ये त्यांनी मोराची पुस्तकं आणि चळवळीचं दैनिक कॅथलिकांना निषिद्ध ठरवलं. जे ऐकणार नाहीत त्यांना चर्चचे संस्कार नाकारले गेले. चळवळीशी सहानुभूती असलेल्या कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्मगुरू) बियो यांना १९२७ मध्ये कार्डिनलपद सोडावं लागलं. ही बंदी उठली ती पुढच्या पोपच्या कारकिर्दीत, जुलै १९३९ मध्ये.

आता दुसरं टोक पाहा. स्लोव्हाक लोकपक्षाचा संस्थापक आंद्रेय ह्लिंका पाद्री होता. त्याच्यानंतर पक्ष हाती घेऊन १९३९ मध्ये जर्मनीच्या आश्रयाने राज्यकर्ता झालेला योझेफ टिसो हाही पाद्रीच. ऑस्ट्रियात चान्सेलर डॉलफुसने १९३४ मध्ये जी राज्यघटना लागू केली तिचा आरंभच ईश्वराच्या नावाने होतो. आणि त्याच डॉलफुसला जुलै १९३४ मध्ये ऑस्ट्रियातल्या नाझींनी गोळ्या घातल्या. एकाच देशात दोन उजव्या शक्ती, एक धर्माला धरून चालणारी आणि दुसरी तिचा जीव घेणारी.

म्हणून मंडळात ‘धर्म बाजूने होता की विरुद्ध’ असा ठराव मांडूच नका. नेमकी कोणती संस्था, कोणतं वर्ष आणि त्या वर्षी कोणी काय देऊन काय घेतलं, एवढं विचारा. चर्चला साधारणपणे शाळा, विवाह, बिशपांच्या नेमणुका आणि मालमत्ता यांची हमी हवी असे. सत्तेला चर्चशी जोडलेला राजकीय पक्ष मोडायचा असे. हे सौदे जमत. बिनसत ते बहुतेक ठिकाणी मुलांवरून, कारण दहा वर्षांचा मुलगा रविवारी कोणत्या झेंड्याखाली उभा राहणार या प्रश्नाला मधला मार्ग नव्हता. पुढच्या उत्तरांत हाच धागा वारंवार येईल.

प्रश्न (राजारामपुरी, पदव्युत्तर विद्यार्थिनी) : लॅटरन कराराबद्दल सगळीकडे दोन ओळी मिळतात. त्यात नेमकं काय काय होतं, आणि दोनच वर्षांत भांडण का झालं?

११ फेब्रुवारी १९२९ रोजी रोमच्या लॅटरन राजवाड्यात मुसोलिनी आणि पोपतर्फे कार्डिनल गास्पार्री यांनी सह्या केल्या. परीक्षेत हमखास गुण जातात ते इथे : करार एक नव्हे, कागद तीन होते. पहिला तह. त्याने सुमारे ४४ हेक्टरचं, म्हणजे जवळपास १०९ एकरांचं व्हॅटिकन सिटी हे स्वतंत्र राज्य झालं, आणि १८७० मध्ये इटलीने रोम घेतल्यापासून चाललेला तंटा संपला. दुसरा आर्थिक करार. गेलेल्या प्रदेशापोटी पोपना ७५ कोटी लिरा रोख आणि १०० कोटी लिरांचे ५ टक्के व्याजाचे सरकारी रोखे मिळाले. तिसरा कागद म्हणजे कॉन्कॉर्डाट, चर्च आणि राज्य यांनी देशात एकमेकांशी कसं वागायचं याची ४५ कलमं. खरं राजकारण या तिसऱ्या कागदात आहे.

त्यातली चार-पाच कलमं वाचली तरी पुरे. कलम ३४ : चर्चमध्ये लागलेलं लग्न कायद्यानेही लग्न. कलम ३६ : प्राथमिक शाळांत आधीच आलेलं धर्मशिक्षण माध्यमिक शाळांतही. कलम १९ : बिशप नेमण्याआधी नाव सरकारला कळवायचं, सरकारची राजकीय हरकत आहे का ते पाहायचं. कलम २० : बिशपने राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची. आणि कलम ४३ : ‘कॅथलिक अ‍ॅक्शन’ या सामान्य भाविकांच्या संघटनेला मान्यता, पण ती सर्व राजकीय पक्षांपासून अलिप्त आणि बिशपांच्या हाताखाली राहील.

या सह्यांची किंमत आधीच चुकती झाली होती. लुईजी स्तुर्झो या पाद्र्याने १९१९ मध्ये ‘पोपोलारे’ पक्ष काढला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत १०० जागा मिळवल्या. कॅथलिक मतदारांचा लोकशाहीतला हा स्वतःचा पक्ष. मुसोलिनी सत्तेवर आल्यावर व्हॅटिकनने या पक्षामागचा हात काढून घेतला. जुलै १९२३ मध्ये स्तुर्झोने चिटणीसपद सोडलं, १९२४ मध्ये देशही सोडला. आमच्या मते त्या काळातली चर्चची ही सर्वांत महाग चूक. विधिमंडळात बोलणारा आपला माणूस घालवला आणि त्याच्या जागी कलमं आणली. पण कलम मोडलं तर दाद मागायची कुठे, याचं उत्तर हाती राहिलं नाही.

बिनसलं ते कलम ४३ वरून. सरकारने मुलांसाठी ‘बालिल्ला’ ही संघटना १९२६ मध्येच काढली होती आणि कॅथलिक बालवीर पथकं मोडीत काढली होती. कॅथलिक अ‍ॅक्शनची युवक मंडळं तेवढी उरली. त्यांत खेळ होते, सहली होत्या, गणवेश आणि झेंडे होते, शिवाय जुन्या पोपोलारे पक्षाची काही माणसं होती. चर्चच्या लेखी हे सगळं धार्मिक कार्य. पक्षाच्या लेखी धार्मिक म्हणजे देवळातलं तेवढंच. करारात ‘धार्मिक’ या शब्दाची सीमा कुणी आखली नव्हती. मे १९३१ मध्ये मंडळांच्या कचेऱ्यांवर हल्ले झाले आणि सरकारने युवक मंडळं बरखास्त केली. पोपनी २९ जून १९३१ या तारखेचं, लॅटिनऐवजी इटालियन भाषेतलं जाहीर धर्मपत्र काढलं. इटलीत ते दाबलं जाईल म्हणून त्याची प्रत एका अमेरिकन पाद्र्याकरवी पॅरिसला धाडून तिथून प्रसिद्ध केली.

सप्टेंबर १९३१ मध्ये तडजोड झाली. तिच्या अटी बारकाईने वाचा : मंडळं बिशपच्या प्रांतापुरती राहतील, विरोधी पक्षांत काम केलेला माणूस पदाधिकारी होणार नाही, झेंडा राष्ट्राचाच असेल, आणि मंडळं मैदानी खेळ घेणार नाहीत. संघटना वाचली, पण चेंडू काढून घेतला गेला. पोरं चेंडूमागे जातात, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं.

प्रश्न (गडहिंग्लज, माध्यमिक शिक्षक) : इटलीचा अनुभव समोर असताना व्हॅटिकनने १९३३ मध्ये हिटलरशी तसाच करार का केला? तो मोडला कसा?

घाई आणि भीती. आधी क्रम नीट लावा, कारण शाळेच्या टिपणांत तो हटकून उलटतो. मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने मत दिलं. ५ जुलैला त्या पक्षाने स्वतःलाच विसर्जित केलं. २० जुलैला करारावर सह्या झाल्या. व्हॅटिकनतर्फे कार्डिनल पाचेल्ली, जर्मनीतर्फे उपचान्सेलर फॉन पापेन. म्हणजे करार झाला तेव्हा चर्चकडे देण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. कलम ३२ प्रमाणे पाद्र्यांना पक्षीय राजकारण बंद झालं. कलम ३१ प्रमाणे कॅथलिक संघटनांना संरक्षण मिळालं. मात्र कोणत्या संघटना, ती यादी नंतर ठरवायची होती. सही आधी, यादी नंतर! जमिनीचा व्यवहार करताना गट नंबर लिहायचा ठेवून कुणी खरेदीखतावर सही करणार नाही. ती यादी कधीच पक्की झाली नाही आणि एकेका संघटनेवर टाच येत गेली. डिसेंबर १९३६ च्या कायद्याने तर सगळी जर्मन मुलंच ‘हिटलर युथ’च्या छत्राखाली आणली.

पोप अकरावे पायस यांनी १४ मार्च १९३७ या तारखेचं धर्मपत्र थेट जर्मन भाषेत लिहिलं. चोरून ते जर्मनीत पोचवलं, ठिकठिकाणच्या छापखान्यांत गुपचूप छापलं आणि २१ मार्चच्या रविवारी कॅथलिक चर्चमधल्या व्यासपीठांवरून वाचून दाखवलं. करारभंग, वंशाची पूजा, बायबलमधल्या ‘जुना करार’ या भागाचा अव्हेर हे सगळं त्यात आहे. हिटलर आणि नाझी पक्ष ही नावं मात्र नाहीत. ज्यूंवर रोज होणाऱ्या छळाचा थेट उल्लेखही नाही. वर्गात शिकवताना धैर्य आणि मौन दोन्ही सांगा, एकच सांगितलं तर ते अर्धसत्य होतं. उत्तर म्हणून सरकारने तो मजकूर छापणारे छापखाने जप्त केले.

प्रोटेस्टंट बाजूला गोष्ट वेगळी घडली. तिथे पोप नव्हता, २८ प्रांतिक चर्चं होती, त्यामुळे पक्षाला आतूनच शिरता आलं. नाझी पक्षाच्या १९२० च्या कार्यक्रमात कलम २४ मध्ये ‘सकारात्मक ख्रिस्ती धर्म’ असा मोघम शब्द होता. त्यात ज्याला जे हवं ते वाचता येई. ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाच्या नाझीवादी गटाने जुलै १९३३ च्या चर्च-निवडणुका जिंकल्या आणि लुडविग म्युलर हा राष्ट्रीय बिशप झाला. पण १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या क्रीडागृहातल्या सभेत त्यांच्या एका वक्त्याने बायबलमधून जुना करारच काढून टाका अशी मागणी केली आणि गट फुटू लागला. ज्यू वंशाच्या पाद्र्यांना काढण्याच्या नियमाविरुद्ध मार्टिन नीमोलर या पाद्र्याने आधीच पाद्र्यांची संघटना उभी केली होती. त्यातून मे १९३४ मध्ये बार्मेनची घोषणा आली : चर्चचा स्वामी ख्रिस्त, दुसरा कोणी नाही. इथे ठिणगी मुलांवरून नव्हे, धर्मग्रंथावरून पडली. आम्ही वर सांगितलेल्या धाग्याला हा मोठा अपवाद आहे.

प्रश्न (इचलकरंजी) : ‘कॅथलिकांनी हिटलरला मत दिलं नाही, प्रोटेस्टंटांनी दिलं’ असं एका व्याख्यानात ऐकलं. आकडे काय सांगतात?

दिशा बरोबर, वाक्य फार ठोकळ. जुलै १९३२ मध्ये देशभरात नाझी पक्षाला सुमारे ३७ टक्के मतं पडली. प्रोटेस्टंटबहुल श्लेस्विग-होल्स्टाइन मतदारसंघात ५१ टक्के, कॅथलिकबहुल कोलोन-आखेनमध्ये जेमतेम २०. फरक डोळ्यांत भरतो. पण हे आकडे मतदारसंघांचे आहेत, माणसांचे नव्हेत. एखाद्या तालुक्यात ऊस जास्त आणि मतदान जास्त म्हणून ऊस पिकवणाराच मतदानाला गेला असं ठरत नाही, हेही तसंच. शिवाय कोलोन औद्योगिक आणि शहरी, होल्स्टाइन शेतीच्या मंदीने पिचलेला.

पडताळणी करायची तर धर्म वेगळा पण धंदा सारखा असलेले ग्रामीण भाग शेजारी ठेवून पाहायचे. तसं केलं तरी फरक उरतो, आणि त्याचं कारण श्रद्धेपेक्षा संघटन हे आहे. कॅथलिक शेतकऱ्याकडे स्वतःचा पक्ष, स्वतःचं वृत्तपत्र, स्वतःची शेतकरी संघटना होती, आणि १९३३ च्या आरंभापर्यंत अनेक बिशपांनी नाझी पक्षाच्या सदस्यत्वाला मनाई केली होती. मार्च १९३३ च्या अखेरीस बिशपांनी ती मनाई सैल केली. बांध एकदा फुटल्यावर आधीच्या टक्केवारीचा आधार घेऊन पुढच्या वर्षांबद्दल बोलता येत नाही.

प्रश्न (कागल) : रुमानियातल्या ‘लीजन’ला धार्मिक चळवळ म्हणावं की राजकीय?

दोन्ही, आणि हेच तिचं वेगळेपण. कोर्नेलिउ कोद्रेआनूने जून १९२७ मध्ये संघटना काढली तीच ‘मायकेल या देवदूताची सेना’ म्हणून. ‘आयर्न गार्ड’ हे नाव १९३० मधलं. सगळ्यांत लहान शाखेला ‘घरटं’ म्हणत, तीत ३ ते १३ माणसं. सभासद जुन्या रणभूमींच्या मातीची पुरचुंडी गळ्यात घालत. प्रार्थना, उपवास, गावात पूल-रस्त्यांची श्रमदानं हे एका हाती. खून आणि ज्यूद्वेष दुसऱ्या हाती. खून करून आलेल्याने स्वतःहून शिक्षा भोगायची, म्हणजे ते प्रायश्चित्त ठरतं, असा त्यांचा हिशेब होता. धर्माची भाषा हिंसेला आवर घालायला न वापरता तिला पवित्र करायला वापरली की काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण त्या काळात आम्हाला दिसत नाही.

स्पेनच्या यादवी युद्धात जानेवारी १९३७ मध्ये त्यांचे मोत्सा आणि मारिन हे दोन पुढारी मारले गेले. फेब्रुवारीत बुखारेस्टला त्यांची अंत्ययात्रा निघाली, तीत शेकडो ऑर्थोडॉक्स पाद्री चालले. डिसेंबर १९३७ च्या निवडणुकीत लीजनच्या पक्षाला १५.५८ टक्के मतं पडली आणि तो तिसरा आला. पण गावचे पाद्री सोबत होते म्हणजे चर्च सोबत होतं असं नव्हे : फेब्रुवारी १९३८ मध्ये राजा कारोलने सत्ता स्वतःच्या हाती घेतली तेव्हा पंतप्रधान झाले ते ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख मिरोन क्रिस्तेआ, आणि त्यांच्याच कारकिर्दीत कोद्रेआनूला तुरुंगात टाकून नोव्हेंबर १९३८ मध्ये मारण्यात आलं.

प्रश्न (जयसिंगपूर) : धर्मसंस्था या चळवळींकडे झुकल्या तरी का? आणि कुठे त्यांनी त्यांना अडवलं का?

झुकण्यामागे साम्यवादाची धास्ती मोठी होती, आणि ती हवेतली नव्हती. रशियात १९१७ नंतर चर्चवर काय बेतलं ते सर्वांसमोर होतं. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूच्या प्रदेशात, बहुतांश पहिल्या काही महिन्यांतच, १३ बिशपांसह सुमारे ६,८०० पाद्री, संन्यासी आणि नन मारल्या गेल्या. जुलै १९३७ च्या सामूहिक पत्रात स्पेनच्या बिशपांनी प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोची बाजू घेतली ती या पार्श्वभूमीवर. तरीही कार्डिनल विदाल इ बाराकेर यांनी त्यावर सही केली नाही. आणि बास्क प्रदेशातले डझनाहून अधिक पाद्री फ्रँकोच्या सैन्याने गोळ्या घालून मारले, कारण ते बास्क स्वायत्ततेच्या बाजूचे होते.

अडवल्याची दोन उदाहरणं. बेल्जियममध्ये लेऑन देग्रेलचा ‘रेक्स’ हा पक्ष कॅथलिक युवक चळवळीतूनच निघाला. १९३६ मध्ये त्याला २१ जागा मिळाल्या. एप्रिल १९३७ मध्ये ब्रसेल्सच्या पोटनिवडणुकीत देग्रेल उभा राहिला. त्याच्यासमोर इतर पक्षांनी मिळून पंतप्रधान फान झेलांड हा एकच उमेदवार दिला, आणि मतदानाच्या तोंडावर कार्डिनल फान रूय यांनी रेक्सला मत देऊ नका असं उघड सांगितलं. देग्रेलला सुमारे १९ टक्के मतं मिळाली आणि त्याची चढण तिथेच थांबली. दुसरं जर्मनीतलं. नोव्हेंबर १९३६ मध्ये ओल्डेनबुर्ग प्रांतात शाळांतले क्रूस काढण्याचा हुकूम निघाला. कॅथलिक गावांतून शिष्टमंडळांची रीघ लागली, क्लोपेनबुर्गच्या सभेत हजारो शेतकरी जमले आणि तीन आठवड्यांत पक्षाच्या प्रांतप्रमुखाला हुकूम मागे घ्यावा लागला. पुन्हा शाळाच, पुन्हा मुलंच. मात्र याच लोकांनी ज्यू शेजाऱ्यांसाठी अशी शिष्टमंडळं नेली नाहीत.

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर) : शाहू महाराजांनी १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरू नेमले. राज्याने धर्मपीठ ताब्यात घेण्याचाच हा प्रकार नव्हे का?

वरवर सारखं दिसतं : राज्यकर्ता धर्मव्यवस्थेत हात घालतो. पण दिशा उलटी आहे. वेदोक्ताच्या (महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिल्याच्या) वादापासून इथे प्रश्न होता तो एका वर्णाच्या पौरोहित्याच्या मक्तेदारीचा. पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाशी जोडून उभं केलेलं हे पीठ ती मक्तेदारी मोडण्यासाठी होतं, सगळ्यांनी त्याच पीठापुढे मान तुकवावी म्हणून नव्हे. याच महाराजांनी सत्यशोधकांना आणि आर्य समाजालाही आश्रय दिला.

खरी कसोटी मुलांचीच लावा. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. शहरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशी निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगं महाराजांच्या मदतीने उभी राहिली. मुसोलिनीच्या सरकारने दुसऱ्यांची मंडळं बरखास्त केली, कोल्हापूरने दुसऱ्यांना जागा आणि अनुदान दिलं. अर्थात एक संस्थान आणि एका पक्षाची हुकूमशाही यांची तुलना इथवरच ताणावी. बोर्डिंगांनी जातीची ओळख पक्की केली का, हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे.

प्रश्न (वाचनालय कार्यकर्ते, राधानगरी) : या विषयावर भिंतीवरचं प्रदर्शन करायचं आहे. मांडणी कशी करावी, काय टाळावं?

एक आडवी काळरेषा घ्या, १९१९ ते १९३९, वर्षाला एक वीत. तिच्यावर करार, तिच्याखाली संघर्ष. इटलीसाठी १९२९ वर आणि १९३१ खाली. जर्मनीसाठी १९३३ वर, १९३६ आणि १९३७ खाली. देशागणिक वेगळा रंग. नुसते करार लावले तर चर्च साथीदार दिसेल, नुसती धर्मपत्रं लावली तर हुतात्मा दिसेल. सात-आठ देशांपेक्षा तीनच घ्या : इटली, जर्मनी, रुमानिया. प्रत्येक तारखेखाली दोन ओळींहून जास्त मजकूर नको, उभ्याने कुणी वाचत नाही.

छायाचित्रांबाबत जपा. जर्मन सैनिक पाचेल्लींना सलामी देत आहेत असं एक चित्र हिटलरच्या काळातलं म्हणून सर्रास फिरतं. ते हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळातलं आहे. पाचेल्ली पोपचे तिथले राजदूत होते आणि १९२९ मध्येच जर्मनीतून परतले. नीमोलरचं ‘आधी ते कम्युनिस्टांना पकडायला आले’ हे प्रसिद्ध वचन लावणार असाल तर ते १९४५ नंतरच्या भाषणांतलं आहे आणि त्याची अनेक रूपं आहेत, हे खाली लिहा. शेजारी हेही लिहा की नीमोलरने स्वतः १९२४ आणि १९३३ मध्ये नाझी पक्षाला मत दिलं होतं, आणि १ जुलै १९३७ रोजी त्याच राजवटीने त्याला अटक केली.